वाट सोपी झाली तर स्थळाचे मोल घटते का?

उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतील बा बे सरोवर हनोईपासून सुमारे २३० किलोमीटरवर आहे. हनोईच्या मी दिन्ह स्थानकातून बस चो रा या गावापर्यंत येते. पुढचा घाटरस्ता भाड्याच्या दुचाकीने किंवा टॅक्सीने कापता येतो. काही जण हनोईहूनच गाडी करतात, काही दुचाकीवर येतात. सरोवरात आणि नांग नदीवर मात्र होडीच चालते. तिथल्या एका बेटावर आन मा मंदिर आहे. त्यामुळे भाविकालाही शेवटी होडीतच बसावे लागते.

दुर्गम स्थळी कष्टाने गेले तरच पुण्य लाभते, असा समज अनेक धर्मांत आढळतो. त्यात तथ्य आहे: पायपिटीत अहंकार झिजतो, मन एकाग्र होते. पण कष्ट हे साधन आहे, साध्य नव्हे. ते साध्य मानले, तर वृद्ध आणि अपंग यांना श्रद्धेचे दारच बंद होते.

या सरोवराची ताय लोकांतील दंतकथा हेच सांगते. उत्सवात सर्वांनी हाकललेल्या भिकारणीला एका गरीब विधवेने जेवू घातले. पुढे प्रलय आला, तेव्हा भिकारणीने दिलेल्या भाताच्या टरफलांच्या होड्या झाल्या आणि त्यांतून विधवेने बुडणाऱ्यांना वाचवले. कथेतले पुण्य करुणेचे आहे, प्रवासातल्या हालांचे नाही. म्हणून वाहन कोणते, यावर यात्रेचे मोल ठरत नाही. तिथल्या माणसांशी आणि पाण्याशी यात्रेकरू कसा वागतो, यावर ते ठरते.