दूर गेला म्हणून तुटला काय?

तापी ही सूर्यकन्या, असे आपली पुराणे सांगतात. तिच्या काठी वसलेल्या आपणां जैनाबादकरांस सूर्याच्या एका फार दूरच्या आप्ताची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

१४ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने एक हिममय लघुग्रह टिपला. त्याचे नाव सेडना. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. सेडना सूर्याच्या अगदी जवळ येतो, तेव्हाही याच्या ७६ पट दूर असतो. आणि दूर जातो, तो ९०० पटींहूनही पलीकडे. त्याच्या एका प्रदक्षिणेस अकरा हजारांवर वर्षे लागतात. सन २०७६ च्या सुमारास तो सूर्याच्या सर्वांत निकट येईल. सध्या तो त्यातल्या त्यात जवळ आहे, म्हणूनच आपणांस दिसला. यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान बांधले की, असे आणखीही पुष्कळ असले पाहिजेत. मात्र ते आज दृष्टीच्या टप्प्याबाहेर आहेत. २०१४ साली तशा दुसऱ्या एकाचा शोध जाहीरही झाला.

आता देवळाच्या सभासद-यादीचा विचार करू. जे वर्षानुवर्षे पायरी चढले नाहीत, त्यांची नावे कशास ठेवावी, असा प्रश्न निघतो. रोज झाडलोट करणाऱ्याने, उत्सवात राबणाऱ्याने तो विचारला, तर त्यात गैर काही नाही. परंतु जो दिसत नाही तो आपला नाही, हा निष्कर्ष मात्र घाईचा होय. पोटासाठी परगावी गेलेला मनुष्य तेथे एकटाच हात जोडत नसेल, हे कोणी सांगावे?

तथापि हा दृष्टांत एका ठिकाणी थांबतो. सूर्याचे आकर्षण अंतराबरोबर क्षीण होते, पण कधीच शून्य होत नाही. त्यास कोणाच्या इच्छेची गरज नाही. माणसांचे नाते तसे नव्हे. दोन्ही बाजूंनी विचारपूस थांबली की ते खरोखरच शून्यावर येते. म्हणून दूर गेलेल्याकडे कर्तव्य उरतेच; परंतु जवळ राहिलेल्यांचे कर्तव्य अधिक आहे, कारण दिवा त्यांच्या हाती आहे.

तेव्हा कोणाचेही नाव खोडण्यापूर्वी त्यास उत्सवाचे एक निमंत्रण धाडावे, आणि उत्तराची वाट पाहण्याइतका धीर धरावा, एवढीच आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.