श्वास कापलेला पाठ

पोथीचा पाठ ध्वनिमुद्रित झाला की दोन ओळींमधला श्वास संगणकावर कापून टाकता येतो. त्याने ऐकायला सफाई येते. पण उरतो तो पाठच असतो का? हा प्रश्न धर्माचा आहे आणि नांदेड-लातूरकडे त्याचे उत्तर आहे. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी शिखांच्या धर्मग्रंथालाच गुरुपद दिले. त्या १४३० पानांचा अखंड पाठ साधारण ४८ तास चालतो, पाठ करणारे पाळीपाळीने तो पुढे नेतात. छापील ग्रंथ समोर असताना माणसे रात्र जागवतात, कारण शब्द जिवंत कंठातून उमटणे हाच तिथे उपासनेचा भाग आहे. लातूर जिल्ह्यात औशाच्या चक्रीभजनातही तेच: गोल फिरत गाणाऱ्याला दम सांभाळल्याशिवाय नाम सांभाळता येत नाही.

गीतेचा चौथा अध्याय प्राण-अपानाच्या नियमनाला यज्ञांत गणतो. शरीराचा दाखलाही याच बाजूचा आहे. बोलताना हवा झटकन आत येते आणि बहुतेक सारा वेळ ती सावकाश सोडण्यात जातो. लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की लॅटिन जपमाळ असो वा योगमंत्र, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो. म्हणजे पाठ श्वासाला वळण लावतो. ओवीची घडणही पाहावी. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. श्वास घ्यायची जागा रचनेतच ठेवलेली आहे.

कुणी म्हणेल, धापा ऐकून चित्त विचलित होते. खरे आहे, पण तो दोष श्वासाचा नसून उथळ श्वासाचा आहे. खांदे न उचलता पोट आणि बरगड्या फुलवून हवा घ्यावी, अर्थ जिथे थांबतो तिथेच घ्यावी, ‘फ’ आणि ‘भ’चा झोत माइकवर आदळू नये म्हणून तोंड किंचित बाजूला ठेवावे, मग कात्रीची गरजच उरत नाही. दुसरा आक्षेप असा की भाव असेल तर तंत्र कशाला? पण संथा घेतल्याशिवाय पाठाला बसू नये ही शिस्त भाविकांनीच घातली आहे; भावाला ती आड येत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोथीच्या पानालाही श्वास नसतो, तरी ती पवित्रच. मात्र पान वाचकाची वाट पाहते. ध्वनिफीत वाचकाची जागा घेते. अंधुक दृष्टीची आजी किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण तिच्या मागोमाग ओवी म्हणतो. श्वास कापला की त्याला दम घ्यायला फटच उरत नाही; तो मागे पडतो आणि म्हणणारा नुसता ऐकणारा होतो. पाठाचे पुण्य सामील होण्यात असेल, तर ध्वनिमुद्रणात उच्चाराच्या चुका जरूर काढाव्यात, श्वास मात्र राहू द्यावा.