खोदणाऱ्याला विचारलेला प्रश्न

सोलापूरचं ग्रामदैवत खोदणारं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदायला घेतलं, माणसं जमवली, आणि पाण्याच्या मधोमध देऊळ उभं राहिलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, तेव्हा आपण एका अशा संताला नमस्कार करत असतो ज्यानं कुदळीला पूजा मानलं. म्हणून ‘धरती आई आहे, तिला खणू नये’ असं कुणी म्हटलं की सोलापूरकर म्हणून मला ते पुरतं पटत नाही. आमच्याकडे खणणं पुण्याचं आहे.

पण याच कथेत अल्लमप्रभू येतात. वीरशैव परंपरा सांगते की तळ्याचं काम जोरात चाललेलं असताना ते सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, आले आणि ‘तो वडार सिद्धराम कुठं आहे?’ असं त्यांनी विचारलं. आपल्या गुरूला असं एकेरीत बोलावल्याचा राग येऊन कामावरच्या माणसांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढं सिद्धराम आणि अल्लम समोरासमोर आले, बोलणं झालं आणि सिद्धराम कल्याणला गेले. कीर्तनात ही कथा कर्माच्या अहंकारावर सांगतात. मी आयुष्यभर भूविज्ञान शिकवलं, त्यामुळे मला ती वेगळी ऐकू येते. तू खोदतोयस ते कुणासाठी, आणि खोदून झाल्यावर तू कुठं असशील, असं त्या पाहुण्यानं विचारलं असं मला वाटतं. सिद्धरामांपाशी या प्रश्नाला उत्तर होतं. पाणी पिणारे तिथंच राहणार होते. कल्याणहून तेही शेवटी तिथंच परतले; त्यांची समाधी त्याच देवळाच्या आवारात आहे.

आमच्या जिल्ह्यात खनिज शोधायचं म्हणजे पाणी शोधायचं. पायाखाली सगळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ. दोन थरांच्या मधे कुठं तांबूस मातीची पट्टी. भेगाळलेला खडक लागला तर पाणी, घट्ट कातळ लागला तर नुसती भुकटी. मोहोळकडच्या, मंगळवेढ्याकडच्या शिवारात मी यंत्र घेऊन जाते तेव्हा शेतकऱ्यानं आधीच पाणाड्या आणून जागा बघितलेली असते. मी जमिनीचा विद्युतरोध मोजून माझी जागा सांगते. बोअरची गाडी लागायच्या आधी हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो, आणि घरातली म्हातारी मला विचारते, ‘‘बाई, लागंल का हो पाणी?’’

त्या पूजेला मी कधी अंधश्रद्धा म्हटलं नाही. बोअर कोरडी गेली तर कर्ज त्या माणसाच्या डोक्यावर आणि ते भोक त्याच्या बांधावर राहणार आहे. रोज सकाळी त्याला त्या जमिनीवर पाय ठेवायचा आहे. मागणारा तिथंच राहणार असला की जमिनीची क्षमा मागण्याला अर्थ येतो. खाणीच्या भूमिपूजनालाही नारळ फुटतो, पण तो फोडणारे संध्याकाळच्या गाडीनं परत जातात.

माझा एक विद्यार्थी मध्यंतरी घरी आला. हुशार, अक्कलकोटकडचा, घरी दोन एकर कोरडवाहू. अंदमान समुद्रात नमुने गोळा करणाऱ्या एका जहाजावर काम मिळतंय म्हणाला. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रातल्या खनिजांचे १३ ब्लॉक पहिल्यांदा लिलावाला काढले, त्यातले ७ ग्रेट निकोबारच्या आसपासच्या समुद्रात होते. तळावरचे बहुधातू गोटे आणि कवचं, त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट. ‘‘मॅडम, जाऊ का नको?’’ त्याला पगाराचा सल्ला नको होता. बेटावर शॉम्पेन आणि निकोबारी आदिवासी राहतात, घनदाट जंगल आहे, हे त्यानं वाचलं होतं आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. पाप लागेल का, असंच तो विचारत होता, फक्त तो शब्द न वापरता.

मी त्याला म्हटलं, आपल्या धंद्यात एक सोयीचं वाक्य आहे : आम्ही फक्त पाहतो, खणायचं की नाही ते दुसरे ठरवतात. मला हे मान्य नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची जत्रा भरते. त्याच डोंगरात उत्तम लोहखनिज आहे. ते नकाशावर आलं, २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला, पुढं उत्खनन सुरू झालं, २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथं डझनावारी ट्रक जाळले. गावातल्या काहींना खाणीत काम मिळालं, तेही खरंच आहे. पण ज्यांचा देव त्या डोंगरावर बसतो त्यांचा आवाज बंदुका आणि डंपर यांच्यामधे किती ऐकू आला? नकाशा काढणाऱ्यांचा यात काहीच वाटा नव्हता असं मला म्हणवत नाही.

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण मी वर्गात द्यायचे. तिथला बॉक्साइट डोंगरमाथ्यावर आहे, तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि खालचे झरे वाहते राहतात. डोंगरिया कोंधांचा नियमराजाही तिथंच. मुलांना हे फार आवडायचं, देव आणि विज्ञान एकच सांगतात म्हणून. मी त्यांना तिथं थांबू द्यायचे नाही. उद्या कुणी दाखवलं की त्या बॉक्साइटमध्ये थेंबभरही पाणी साठत नाही, तर नियमराजा उठून जाईल का? देवाला भूवैज्ञानिकाचा दाखला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ च्या निकालात देव खरा की खोटा हे ठरवायला घेतलंच नाही, ग्रामसभांना विचारायला सांगितलं. १२ ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि खाण थांबली. मला त्या निकालात अल्लमांचा प्रश्न योग्य माणसांना विचारलेला दिसतो.

विद्यार्थ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग नेमकं बोट ठेवलं. ‘‘पण मॅडम, समुद्राच्या तळाशी तर कुणीच राहत नाही. तिथं ग्रामसभा कुणाची घ्यायची?’’

हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि मी त्याला तसं सांगितलं. मग त्याला आपलं तळं आठवायला लावलं. तळ्यात गाळ साठतो, काढता येतो, उन्हाळ्यात आटलं तरी पावसात भरतं. सिद्धरामांची कुदळ चुकली असती तर पुढच्या पिढीला ती दुरुस्त करता आली असती. समुद्रतळावरचं कवच दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतं. सिद्धरामांच्या काळापासून आजपर्यंत ते नखाच्या जाडीइतकंही वाढलेलं नाही. त्यावर जगणारे जीव आपण अजून नीट ओळखतही नाही. तिथं राहणारा माणूस नसला म्हणून प्रश्न सुटत नाही. उत्तर देणारं कुणी समोर नसताना खणणाऱ्यावरची जबाबदारी वाढते, कारण त्याला अडवणारंही कुणी नाही.

आणि समुद्राच्या कडेला माणूस आहेच. निकोबारी माणसाचं जगणं किनाऱ्यावरचं. २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक काही मीटर खचलं, सुनामीनं गावं नेली, माणसांना जुनी जागा सोडावी लागली. त्याच बेटावरच्या बंदर आणि नगर प्रकल्पासाठी दिलेली संमती तिथल्या आदिवासी परिषदेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली. जे लोक दिलेला होकार परत घेतात त्यांना आधी पुरतं विचारलं गेलं नव्हतं, असं मी समजते.

‘‘तुम्ही गेला असता का?’’ त्यानं विचारलं. पंचविशीत गेले असते, म्हणाले; असा समुद्रतळ बघायला मिळणं ही आमच्या विषयातली मोठी गोष्ट आहे. आज जाणार नाही. त्या परिषदेसमोर, त्यांना कळेल अशा भाषेत, पहिला नमुना काढण्याआधी बोलणं झाल्याचं मला कुणी दाखवत नाही, तोवर नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं, आणि रुजू होण्याआधी कंपनीला हेच पत्रानं विचारायचं ठरवलं. पत्राचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. ‘सल्लामसलत’ हा शब्द खोडून त्याच्या जागी ‘संमती’ लिहायला मी लावलं.