स्टॅन्लीसाठी फासा नको

जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळणारे आणि या छंदाकडे संशयाने पाहणारे इतिहासप्रेमी यांचे एका मुद्द्यावर एकमत आहे. खेळ इतिहासाशी प्रामाणिक आहे की नाही, हे दोघेही निकालावरून ठरवतात. २२ ऑगस्ट १४८५ रोजी इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या मैदानावर तिसरा रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर राजा झाला. म्हणून २८ मिलिमीटर उंचीचे रंगवलेले सैनिक घेऊन ती लढाई पुन्हा लढताना रिचर्ड बहुतेक वेळा हरलाच पाहिजे. तो वारंवार जिंकू लागला तर नियमांत खोट आहे, असे मानले जाते. मग ती खोट काढण्यासाठी रिचर्डच्या तुकड्यांचे मनोधैर्य एका गुणाने उतरवायचे, हेन्रीच्या बाजूने आघाडी सांभाळणाऱ्या ऑक्सफर्डला एक गुण चढवायचा आणि इतिहासातला निकाल पुरेशा वेळा येऊ लागला की नियम ऐतिहासिक झाले असे म्हणायचे. ही कसोटी मला अपुरी तर वाटतेच, पण त्याहून अधिक ती दिशाभूल करणारी वाटते.

या छंदावर इतरही आक्षेप आहेत. युद्धाचा खेळ करणेच गैर, असे म्हणणाऱ्यांना बुद्धिबळही सोडावे लागेल. इतिहासात जर-तरला जागा नाही, असे म्हणणाऱ्यांना कोणत्याही सेनापतीच्या निर्णयाला चूक किंवा बरोबर म्हणता येणार नाही. कारण दुसरा पर्याय डोळ्यांसमोर आणल्याशिवाय निर्णयाचे मोल ठरत नाही. पानिपताबद्दल आपण अडीचशे वर्षे जे बोलत आलो, ते जर-तरच्याच आधाराने. हे आक्षेप मी इथेच सोडतो. निकालाच्या कसोटीला मात्र असे सोडता येत नाही, कारण ती शास्त्रीय असल्यासारखी दिसते आणि जाणकार मंडळीही ती वापरतात.

त्या कसोटीत काही तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. जे प्रत्यक्षात घडले ते एखाद्या नियमसंचात कधी घडूच शकत नसेल, तर तो नियमसंच निकामी आहे. पण 'घडू शकले पाहिजे' आणि 'बहुतेक वेळा घडले पाहिजे' या दोहोंत फार मोठे अंतर आहे. लढाई एकदाच झाली. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून ती होणारच होती की क्वचितच होणारी होती, हे कळायला मार्ग नाही. बॉसवर्थच्या बाबतीत तर दुसऱ्या शक्यतेकडेच पारडे झुकते. रिचर्डकडे हेन्रीपेक्षा मोठे सैन्य होते, तोफा होत्या, राजपद होते आणि स्वतः लढलेल्या लढायांचा अनुभव होता. हेन्रीचे तरुणपण परदेशात आश्रित म्हणून गेले होते, आणि ७ ऑगस्टला वेल्सच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत त्याने एकाही लढाईचे नेतृत्व केले नव्हते. त्या सकाळी कोणी निष्पक्षपणे विचार केला असता, तर त्याने रिचर्डचाच विजय वर्तवला असता, असे मला वाटते. मग विरळा निकाल नेहमीचा वाटावा म्हणून नियम वाकवणे म्हणजे इतिहासाशी प्रामाणिक राहणे कसे? तो तर जिंकणाऱ्याच्या दरबारात लिहिला गेलेला इतिहास झाला. पॉलिडोर व्हर्जिलने या लढाईचे वर्णन लिहिले ते पुढे, हेन्रीच्याच राज्यात आणि त्याच्याच उत्तेजनाने. व्हर्जिल उपयोगाचा आहे, पण त्याला शेवट आधीच माहीत होता.

या कसोटीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र जमिनीतूनच वर आला. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतल्या नकाशांनी रिचर्डला अँबियन टेकडीवर उभे केले होते. टेबलावरच्या मांडणीतही ती टेकडी असे; हेन्रीचे लोक चढ चढून येत, रिचर्ड वरून पाहत असे. पुढे पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन आसपासची शेते पद्धतशीर धुंडाळली, आणि टेकडीपासून सुमारे ३ किलोमीटर नैर्ऋत्येला तोफांचे व बंदुकांचे शिशाचे गोळे सापडले. तिथल्या जुन्या पाणथळ जागेजवळ सोन्याचा मुलामा दिलेले एक छोटे चांदीचे रानडुक्करही मिळाले. रानडुक्कर हे रिचर्डचे चिन्ह. २०१० साली हे तपशील जाहीर झाले. लढाईचा गाभा टेकडीवर नव्हता, सखल भागात दलदलीच्या कडेला होता. आता विचार करा. ज्यांनी आपले नियम रिचर्डच्या पराभवाशी जुळवून घेतले होते, त्यांच्या टेबलावर चुकीच्या जागी, चुकीच्या चढावर, चुकीच्या दिशेने लढूनही बरोबर निकाल येत होता. जी कसोटी मैदानच चुकले आहे हे सांगू शकली नाही, ती आणखी काय सांगणार? निकाल जुळवणे अवघड नाही. एक गुण इकडे, एक गुण तिकडे केला की कोणतीही लढाई कोणत्याही जमिनीवर जुळते.

याच कसोटीमुळे रिचर्डची शेवटची चाल टेबलावर वेड्याची ठरते. लढाई रेंगाळली असताना त्याला हेन्री थोड्या लोकांसह मागे दिसला आणि आपले घोडेस्वार घेऊन तो थेट त्याच्यावर धावून गेला. हेन्रीचा निशाणधारी विल्यम ब्रँडन त्यात पडला. म्हणजे रिचर्ड आपल्या लक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचला होता. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा मिळाला. तपासणीत मरणाच्या सुमारास झालेल्या किमान ११ जखमा आढळल्या, त्यांपैकी ९ कवटीवर. शिरस्त्राण गमावल्यावर गर्दीत घेरला गेलेला माणूस त्या हाडांतून स्पष्ट दिसतो. पराभव गृहीत धरणाऱ्या नियमांत ही चाल निव्वळ आत्मघात वाटते. पण हेन्री मेला असता तर त्याच्या पक्षाला गादीवर बसवायला दुसरा कोणी उरला नसता, आणि लढाई तिथेच संपली असती. ती हिशेबी चाल होती. त्या हिशेबात एक गोष्ट रिचर्डला माहीत नव्हती, आणि माझा खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

टेबलावर फासा टाकून आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी ठरवतो. पहिली, जी कोणाच्याच हातात नव्हती: बाण चिलखताच्या फटीत शिरला की पत्र्यावरून घसरला, घोडा चिखलात रुतला की पार झाला. हे दैव. दुसरी, जी कोणाच्या तरी हातात पूर्णपणे होती, फक्त समोरच्याला ती ठाऊक नव्हती. हे अज्ञान. दैवासाठी फासा योग्य आहे, त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. अज्ञानासाठी फासा वापरला की आपण माणसाला हवामान करून टाकतो. प्रचलित नियमसंचांपैकी बरेच हेच करतात. दर फेरीला सेनापतीसाठी एक फासा टाकायचा, आकडा मोठा आला तर जास्त तुकड्या हलवायच्या, १ आला तर मित्रसेना जागची हलणार नाही. निरोप्या वाटेत मारला गेला, आज्ञा समजली नाही, आणि आज्ञा नीट समजली पण पाळायची नाही असे ठरवले, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात कोंबल्या जातात.

बॉसवर्थमध्ये ही गफलत सर्वांत महाग पडते, कारण ती लढाई स्टॅन्ली बंधूंनी ठरवली. थोरला टॉमस, लॉर्ड स्टॅन्ली, धाकटा विल्यम. दोघांचे सैन्य दोन्ही पक्षांपासून वेगळे उभे होते. टॉमस हा हेन्रीचा सावत्र बाप, कारण हेन्रीची आई मार्गारेट बोफर्ट हिच्याशी त्याचे लग्न झाले होते. पण त्याचा मुलगा जॉर्ज, लॉर्ड स्ट्रेंज, रिचर्डच्या छावणीत ओलीस होता. विल्यमची स्थिती निराळी. त्याला रिचर्डने लढाईपूर्वीच जाहीरपणे द्रोही ठरवले होते. रिचर्ड जिंकला तर त्याचे काही खरे नव्हते. व्हर्जिल सांगतो की दोघे भाऊ हेन्रीला गुपचूप भेटले, आणि तरीही लढाईच्या सकाळी हेन्रीने टॉमसला येऊन मिळायला सांगितले तेव्हा नक्की उत्तर आले नाही. म्हणजे रिचर्डला माहीत नव्हते, आणि हेन्रीलाही खात्री नव्हती. रिचर्ड हेन्रीवर तुटून पडला तेव्हा विल्यम स्टॅन्लीचे लोक आत घुसले आणि राजाचा शेवट झाला.

हे सारे टेबलावर कसे येते? बहुधा एका तक्त्याने. चौथ्या फेरीपासून एक फासा टाका. १ किंवा २ आले तर स्टॅन्ली स्वस्थ, ३ किंवा ४ आले तर पुढच्या फेरीत पुन्हा, ५ किंवा ६ आले तर हेन्रीच्या बाजूने. इथे दोघा भावांचा एक माणूस झाला, त्या माणसाचा एक आकडा झाला, आणि ओलीस मुलगा नाहीसा झाला. रिचर्डची भूमिका करणारा खेळाडू मग स्टॅन्लीचा विचारच करत नाही. तो शक्यतांचे गणित करतो. पण रिचर्डपुढचा प्रश्न गणिताचा नव्हता. बापाला मुलाच्या जिवाची भीती कितपत घालता येईल, ती घातली तर तो दबेल की चवताळेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याने स्ट्रेंजला मारण्याची आज्ञा दिली आणि ती अमलात आली नाही, असे सांगितले जाते. हे नाट्य ज्या खेळात नाही, त्याला मी बॉसवर्थ म्हणणार नाही; मग त्यात रिचर्ड शंभरदा हरो.

नॉर्थंबरलंडचा अर्ल हेन्री पर्सी याच्या बाबतीत हा भेद आणखी धार धरतो. तो रिचर्डच्या पिछाडीला होता आणि लढलाच नाही. त्याने मुद्दाम हात आखडता घेतला, की दलदलीमुळे व जागेच्या अडचणीमुळे त्याला पुढे येता आले नाही, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पहिले खरे असेल तर तिथे एक ठरवणारा माणूस होता. दुसरे खरे असेल तर तिथे जमीन होती. मांडणी करणाऱ्याने यातले एक निवडले पाहिजे, निवडल्याचे सांगितले पाहिजे आणि त्याप्रमाणे दलदल आखली पाहिजे किंवा खेळाडू बसवला पाहिजे. फासा टाकला की हा प्रश्न न सुटताच मिटतो. इतिहासाचा अभ्यास म्हणून मला या छंदाची किंमत वाटते ती नेमकी अशा जागी. आणि नेमक्या त्याच जागी बहुतेक नियम हात वर करतात.

हा भेद नवा नाही. प्रशियात १८२४ साली रायस्विट्झने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून जो युद्धखेळ सैन्यासाठी तयार केला, त्यात तो आधीच होता. गोळीबाराने किती माणसे पडली हे फासा सांगे. पण शत्रू कुठे आहे आणि तुमच्या सेनापतीला काय कळले आहे, हे मध्ये बसलेला पंच ठरवत असे. दैवाला फासा आणि अज्ञानाला माणूस, अशी ती विभागणी. पुढे खेळ सैनिकी शाळांमधून दिवाणखान्यात आला. दोन मित्र समोरासमोर बसून संध्याकाळभर खेळणार असतील तर तिसरा पंच कुठून आणायचा? त्याचे काम फाशावर टाकले गेले. सोयीसाठी केलेली ही तडजोड होती, आणि सोय म्हणून मी ती मान्य करतो. तिलाच वास्तवता म्हणणे मला मान्य नाही.

आजच्या माणसाला स्टॅन्लीच्या खुर्चीत बसवून काय उपयोग, त्याला शेवट माहीत आहे, असे यावर म्हटले जाईल. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याला उत्तर आहे. शेवट माहीत असल्याने अडते ते स्टॅन्लीच्या खेळाडूला विजयाचे उद्दिष्ट 'हेन्रीला जिंकवणे' असे दिल्यामुळे. त्याला वेगळे उद्दिष्ट द्या: लढाई संपेल तेव्हा जो कोणी राजा असेल, त्याच्या राज्यात आपले घराणे, आपल्या जमिनी आणि आपला मुलगा टिकला पाहिजे. दोघा भावांना दोन खेळाडू द्या आणि त्यांची गुपिते वेगळी ठेवा. स्ट्रेंज जिवंत आहे की नाही, हे फक्त पंचाला माहीत असू द्या. रिचर्डला निरोप पाठवता येऊ द्या, धमकी देता येऊ द्या, आश्वासनही देता येऊ द्या. आणि खेळाडू फारच वाचलेले असतील तर नावे बदला, नकाशा फिरवा, लढाई दुसऱ्याच देशात नेऊन मांडा. असे बेमालूम वेषांतर करणारे मांडणीकार या छंदात आहेत. मग पाहा, मदतीला जाण्याचा क्षण निवडणे किती कठीण असते. लवकर गेलात तर तुमचेच लोक मरतात. उशिरा गेलात तर तुमची गरजच उरत नाही.

१९६५ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ एन्शंट्स ही संस्था प्राचीन आणि मध्ययुगीन युद्धांच्या अभ्यासकांना व खेळाडूंना एकत्र आणते. तिच्या वार्षिक लढाई-दिनाला एकच लढाई अनेक टेबलांवर वेगवेगळ्या नियमांनी लढली जाते. कल्पना उत्तम आहे, कारण नियमांची तुलना इतकी समोरासमोर दुसरीकडे क्वचितच होत असेल. अशा दिवशी किती टेबलांवर इतिहासातला निकाल आला हे मोजू नये. प्रत्येक सेनापतीला विचारावे: तुला काय माहीत नव्हते, आणि ते कोणाला माहीत होते? पहिल्याचे उत्तर 'फाशात काय पडेल ते' आणि दुसऱ्याचे 'कोणालाच नाही' असे आले, तर त्या टेबलावर रंगवलेले सैनिक होते, पण बॉसवर्थ नव्हते.

स्टॅन्लींचे वागणे हा योगायोग होता, असे ज्याच्या बाजूने ते वळले त्या हेन्रीने कधी मानले नाही. टॉमसला त्याने त्याच वर्षी डर्बीचा अर्ल केले. विल्यमला दरबारात मोठे पद दिले, आणि पुढे पर्किन वॉरबेक या तोतयाच्या प्रकरणात त्याची निष्ठा डळमळली असे दिसताच, १४९५ च्या फेब्रुवारीत, बॉसवर्थला आपला जीव वाचवणाऱ्या त्या माणसाचे डोके उडवले.