शंकासमाधान : उशाखालच्या चिठ्ठ्या

शंका : बाबूजींनी आयुष्यभर दुकानासोबत देवघेव केली. धानवाल्या शेतकऱ्यांच्या, तिरोडीच्या मॅंगनीज खाणीतल्या मजुरांच्या उधारीच्या चिठ्ठ्या अजून त्यांच्या उशाखाली आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. तरी म्हणतात, "पैसा आहे ना, मुंबईला न्या. नाहीच जमलं तर गोदान करा, वैतरणीची सोय होईल." काय करावे? – एक वाचक, कटंगी (जि. बालाघाट)

समाधान : दुखणे सुसह्य करणारी औषधे, रात्री उशाशी बसणारे माणूस, यांत कसर नको. पैसा त्यासाठीच असतो. पण डॉक्टरच नको म्हणत असतील, तर मुंबईचा प्रवास म्हणजे आजाऱ्याचे हाल.

श्रद्धेने केलेल्या गोदानाला मी नावे ठेवणार नाही. बाबूजींच्या बोलण्यात मात्र मला सौदाच ऐकू येतो : इथे भाव पाडला, तिथेही पाडू. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन बायकांत वाटणी करायला निघतो. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? तो साफ नाही म्हणतो. सुखवस्तू माणसासारखी जगशील, एवढेच. ऐन वाटणीच्या वेळी इतके खरे बोलणारा नवरा विरळाच!

तुमच्या घराला जवळचा दाखला तुकोबांचा. तेही दुकानदार, घरात सावकारी. 1630च्या दुष्काळाने धंदा बसला, घरातली माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी निम्मी खते त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हवाली केली, असे परंपरा सांगते. ते सहसा कुणी सांगत नाही. मला ते बुडवण्याइतकेच मोलाचे वाटते. भावाच्या वाट्याचे पुण्य त्यांनी परस्पर कमावले नाही.

म्हणून तुम्ही गुपचूप चिठ्ठ्या फाडू नका. बाबूजी शुद्धीत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून एकेक वाचा. मुद्दल केव्हाच फिटले आणि व्याजच उरले, अशा काही निघतीलच. त्या सोडायच्या का, हे त्यांनाच विचारा. हो म्हणाले तर त्यांच्या हाताने रद्द करून घ्या आणि त्या माणसाला त्यांच्यासमोर बोलावून सांगा. त्यांच्या पश्चात तुम्ही सोडल्यात, तर ते दान तुमचे, त्यांचे नव्हे.

नाही म्हणाले तर हुज्जत नको. गोदान त्यांच्या इच्छेप्रमाणे, ऐपतीत करा. फक्त त्यासाठी कुणाच्या दारी वसुलीला जाऊ नका.