पंचविसावा गुरू

एकनाथी भागवताच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजाला एक अवधूत भेटतो. धडधाकट, आनंदी आणि कशाचीच विवंचना नसलेला. राजाला नवल वाटतं. हे समाधान तुला कुठून मिळालं, असं तो विचारतो. उत्तरादाखल अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, समुद्र, अजगर, मधमाशी, पिंगला वेश्या, बाण घडवण्यात गढून गेलेला कारागीर. मला त्यांतली कांकणवाली मुलगी सगळ्यांत आवडते. सोयरिकीसाठी पाहुणे आलेत, घरची माणसं बाहेर गेलीत आणि ही एकटीच आत साळी कांडायला बसलीय. हातातली कांकणं वाजतात. पाहुण्यांच्या कानावर आवाज गेला, तर घरात कांडलेला तांदूळसुद्धा नाही हे उघडं पडायचं. म्हणून ती एकेक कांकण उतरवते. दोन उरली तरी वाजतातच. एकच उरतं, तेव्हा कुठे आवाज थांबतो. ती कुणाला शिकवायला बसलेली नाही, तिला घराची अब्रू राखायची आहे. शिकतोय तो बघणारा.

हे गुरू कुणी नेमून दिलेले नाहीत, अवधूताने ते स्वतःच्या बुद्धीने निवडले आहेत. पिल्लांच्या मोहापायी जाळ्यात सापडणारं कबुतर काय करू नये ते शिकवतं, म्हणून तेही गुरूच. चोवीस जण सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो, माझा हा देहसुद्धा माझा गुरू आहे. म्हणजे पंचविसावा. या क्रमाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. आधी जग डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि मग नजर स्वतःकडे वळली.

एकनाथांनी हा ग्रंथ 1573 मध्ये काशीत पुरा केला. पुढे तीनशे वर्षांनी न्यायमूर्ती रानडे सरकारी कामासाठी कलकत्त्यात राहत होते, तेव्हाची एक आठवण त्यांच्या पत्नी रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. रानड्यांनी बंगाली शिकायला घेतलं होतं. न्हावी हजामत करत असताना ते हातातलं बंगाली पुस्तक वाचत आणि अडलेला शब्द त्यालाच विचारत. इतक्या मानाचा माणूस न्हाव्यापाशी धडे घेतोय, याची त्या काळच्या घरात थोडी गंमत वाटणारच. अवधूताच्या यादीत न्हावी नाही, पण असता तर शोभला असता. रानड्यांच्या पिढीने या कुतूहलाला आणखी एक वळण दिलं. माणसाबरोबर रूढीलाही प्रश्न विचारता येतात हे तिने दाखवलं. 1867 साली प्रार्थना समाज निघाला, 1888 साली आगरकरांचा ‘सुधारक’. स्वतःला तपासायचं तर ज्या चालीरीतींनी आपल्याला घडवलं त्याही तपासाव्या लागतात, असं ही मंडळी मानत होती.

मग येतात धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचा हा तरुण ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो, आणि ते त्याला सोडत नाही. 1899 मध्ये तो घराबाहेर पडतो. पुण्यात आणि काशीत संस्कृत, मग नेपाळ, तिथे पदरी पडलेली निराशा, मग सिंहल, म्हणजे आजची श्रीलंका. 1902 मध्ये तो तिथे श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित बौद्ध भिक्षू, होतो. पुढे हार्वर्डला ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम, आणि 1929 मध्ये लेनिनग्राड. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपला विकास घडवायला निघालेला माणूस कुठेच दिसत नाही. दिसतो तो बुद्धाने नेमकं काय सांगितलं हे मुळातून कळावं म्हणून जीव टाकणारा विद्यार्थी. माणूस आरपार बदलला खरा, पण तो त्या शोधाच्या ओघात. या कुतूहलाची किंमत मात्र त्याने एकट्याने मोजली नाही. घरी बायको होती आणि नुकतीच जन्मलेली मुलगी. बदलाला तयार असलेल्या पुरुषांची चरित्रं वाचताना मागे कोण राहिलं, हा प्रश्न मी विचारतोच. बहुतेक चरित्रकार तो विचारत नाहीत.

विसाव्या शतकात स्वतःकडे बघण्याचं काम मानसशास्त्राकडे आलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि पुढे ती मराठी वाचकांच्याही चांगली परिचयाची झाली. घटना आपल्याला दुःख देत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्टी समज दुःख देतो, हे तिचं सूत्र. प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटसचंही म्हणणं तेच, हे एलिस स्वतःच सांगत. मला मात्र सूत्रापेक्षा त्यांच्या विशीच्या उंबरठ्यावरची गोष्ट जास्त पटते. मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती. म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. 130 जणींच्या शेजारी ते बसले. तीस उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातली एक पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही! एलिस यांच्या मते प्रयोग यशस्वी झाला, कारण आकाश काही कोसळलं नाही आणि भीती गेली. घरात बसून ‘मी असा का आहे’ याची वही भरत राहिले असते, तर ती गेली असती का, याची मला शंका आहे.

आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या बाजाराची गंमत अशी की त्याने चोवीस गुरू खाली उतरवले आणि पंचविसावा तेवढा ठेवला. माझी ताकद, माझ्या उणिवा, माझी उद्दिष्टं, माझं पाच वर्षांनंतरचं चित्र. प्रश्नावलीत सगळीकडे मीच. तुला सध्या कोणत्या गोष्टीची उत्सुकता लागून राहिली आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. यात ध्यानधारणेला मी सरसकट ओढत नाही. इगतपुरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. तिथे श्वास आणि शरीरातल्या संवेदना पाहायला सांगतात, दहा दिवसांतले बहुतेक दिवस मौनात जातात, आणि शेवटी मैत्रीभावना ठेवलेली असते. दार परत जगाकडे उघडतं. दिवसातून तीनदा ‘सजग राहा’ म्हणणाऱ्या मोबाइलला असं दार नसतं.

लक्ष्मीबाई टिळकांना मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण जगाबद्दलचं कुतूहल आणि स्वतःकडे वळलेली नजर या दोन्ही गोष्टी इतक्या सहजपणे एका माणसात क्वचितच भेटतात. सोवळ्याने पछाडलेल्या, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी. 1895 मध्ये नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा तिच्यावर आकाशच कोसळलं. पुढे ती नवऱ्याकडे राहायला गेली, पण स्वयंपाक वेगळा आणि पाणी वेगळं. मग आजूबाजूची माणसं बघता बघता, त्यांचं आजारपण काढता काढता, तिला प्रश्न पडू लागले. ही जात देवाने केली की माणसाने? आधी जातीचा भेद सुटला, बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या स्वतःच्या सोवळ्यालाही हसतात आणि नवऱ्याच्या लहरींनाही. पण स्वतःला हसताना स्वतःला कमी लेखत नाहीत, हा तोल मला इतर आत्मचरित्रांत फारसा सापडत नाही. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं, फारच अपुरं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने ते पुढे लिहायला घेतलं, आणि त्याचा बराचसा भाग तिचाच आहे.