खौफ, अंदेशा आणि औषध

उर्दूच्या तासाला 'खौफ' आणि 'अंदेशा' यांतला फरक समजावताना आमची दमछाक होते. समोर साप दिसला तर खौफ. गवत हलले आणि आत काय आहे ते कळेना, तर अंदेशा. मुले माना डोलावतात आणि उत्तरपत्रिकेत दोहोंचा अर्थ 'भीती' लिहून मोकळी होतात.

उंदीर मात्र हा फरक चोख पाळतात. हवाई विद्यापीठात रॉबर्ट आणि कॅरोलिन ब्लँचर्ड या दांपत्याने उंदरांसाठी मोकळी जागा आणि तिला जोडलेली बिळे तयार केली. मांजर दिसताच उंदीर बिळात पळत, तेथेच थिजून बसत. मांजर नेल्यावरही कित्येक तास बाहेर पडत नसत. मग एखादा बिळाच्या तोंडाशी येई, मान लांबवून पाही, पुन्हा आत जाई. हाच तो अंदेशा.

१९९० च्या सुमारास या संशोधकांनी डायझेपाम देऊन पाहिले. १९६३ साली व्हॅलियम नावाने बाजारात आलेले औषध ते हेच. त्याने समोरच्या संकटापासून पळणे फारसे बदलत नाही. बदलते ते डोकावणे. थिजलेला उंदीर डोकावू लागला आणि आधीच डोकावणारा डोकावणे सोडून नेहमीच्या कामाला लागला. एकच औषध, परिणाम दोन! जणू औषधाने मांजर चार पावले दूर नेऊन ठेवले.

मांजर खरोखरच गेले असेल तर यात वावगे काय? पण ते दाराआडच बसले असेल तर? उंदराला ते ठाऊक नसते, औषध देणाऱ्याला असते. (उंदराची संमती कोणी विचारली नव्हती, हेही खरे.)

आमच्या अब्बांना डॉक्टरांनी अशीच गोळी दिली होती. डोक्यावर कर्ज होते आणि नोटिशीचे पाकीट ते हातातही घेत नसत. गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी पाकिटे फोडली, हिशेब मांडला. आम्ही डॉक्टरांना दुवा दिली. पुढे मात्र त्यांना शांत झोप लागू लागली आणि पाकिटे पुन्हा तशीच पडू लागली. कर्ज होते तेवढेच होते. आधीची न फोडलेली पाकिटे आणि ही नंतरची, दिसायला सारखीच. डॉक्टरांनी विचारले, "आता कसे आहेत?" आम्ही म्हणालो, "आराम आहे." कर्जाचे त्यांनी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.